डीएनएसचा पत्ता कोण लिहितो?



विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. वसंतातल्या सुखकर संध्याकाळी साहित्य, इतिहास किंवा राजकारण यांवर चार शब्द ऐकावयास मिळतील अशा अपेक्षेने यावे, आणि वक्त्याने संगणकाच्या पोटातील चार ओळींच्या एका फाइलीची कथा लावावी, हा श्रोत्यांवर थोडा अन्यायच आहे. परंतु ह्या चार ओळी बिघडल्या म्हणजे धडधाकट यंत्र निकामी समजून अडगळीत टाकले जाते, असे अलीकडे वारंवार दिसू लागले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ह्या प्रणालीचा नेहमीचा आधार काढून घेतला. ज्यांची यंत्रे पुढल्या आवृत्तीच्या अटींत बसत नव्हती अशा काही घरांनी, शाळांनी आणि लहान कचेऱ्यांनी तेव्हा लिनक्सची वाट धरली. लिनक्सला पैसे पडत नाहीत, जुन्या यंत्रावर ते सुखाने चालते. मग आठपंधरा दिवसांनी एके सकाळी इंटरनेट बंद पडते, कोणी सांगितलेला उपाय करून पाहावा तर तो संध्याकाळपर्यंतच टिकतो, आणि शेवटी ‘लिनक्सवर इंटरनेट धड चालत नाही’ असा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात. तो निकाल बहुधा चुकीचा असतो. तो कसा चुकीचा, आणि खरा तपास कसा करावयाचा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम डीएनएस म्हणजे काय ते पाहू. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो. आपण मात्र बँकेचे, वर्तमानपत्राचे, रेल्वेचे नाव टंकतो. ह्या नावाचा तो आकडा कोणी तरी सांगावा लागतो. प्रारंभी, म्हणजे अमेरिकेतील अर्पानेट ह्या जाळ्याच्या काळात, हे काम एका साध्या यादीवर भागत असे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर ह्या बाईंच्या देखरेखीखाली एक कार्यालय होते. नवे यंत्र जोडले की तेथे कळवावयाचे. कार्यालय ते यादीत घालणार. आणि बाकीच्यांनी ती यादी उतरवून न्यायची. जाळे वाढले तसे हे अशक्य झाले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नव्या व्यवस्थेचा आराखडा मांडला. त्यात एकच मोठी यादी कोठेच नाही. प्रत्येक संस्थेने आपापल्या नावांची नोंद आपल्यापाशी ठेवावी, आणि विचारणाऱ्याने वरून खाली विचारीत जावे. हीच डीएनएस. आज चाळीस वर्षांवर झाली, तरी व्यवस्थेचा सांगाडा तोच आहे. २०१४ पासून आपल्या नागरी लिपीत ‘.भारत’ असा शेवट असलेली नावेही घेता येतात, आणि तीही आतून ह्याच यंत्रणेतून फिरतात.

आता हे वरून खाली विचारीत जाण्याचे काम आपला घरचा संगणक स्वतः करीत नाही. तो एका मध्यस्थाला विचारतो. त्या मध्यस्थाला म्हणावयाचे डीएनएस सर्व्हर. येथे मोठी गंमत आहे. सगळ्या जगाचे पत्ते ज्याला विचारावयाचे, त्याचा पत्ता कोणाला विचारावयाचा? त्याला नावाने हाक मारून चालणार नाही, कारण नावाचा आकडा तोच तर सांगणार. म्हणून हा एक पत्ता आकड्यांच्या स्वरूपात आधीच आपल्यापाशी असावा लागतो. तो असला तर सारे जग आपले. तो नसला किंवा चुकला, तर तार जोडलेली, दिवे लागलेले, पैसे भरलेले, आणि तरीही पान उघडत नाही.

हा आकडा पूर्वी प्रत्येक यंत्रात हाताने लिहीत. ते कंटाळवाणे होते आणि चुकाही होत. १९९३ मध्ये डीएचसीपी नावाची पद्धत ठरली. आपले यंत्र चालू झाले की ते जाळ्यात हाक मारते, ‘येथे कोणी पत्ता देणारा आहे काय?’ घरातील राऊटर, ज्याला आपण सरसकट ‘वायफायचा डबा’ म्हणतो, तो उत्तर देतो, ‘आहे, हा पत्ता घे.’ यंत्र म्हणते, ‘मग तोच मला दे,’ आणि राऊटर म्हणतो, ‘दिला.’ ह्या चार वाक्यांच्या संभाषणातच राऊटर जाता जाता सांगून टाकतो की डीएनएस सर्व्हर अमुक आकड्यावर बसतो. पत्ता कायमचा मिळत नाही. तो भाडेपट्ट्याने मिळतो, आणि पट्ट्याची अर्धी मुदत सरली की यंत्र नूतनीकरण मागते. हे सारे आपल्या नकळत होते. राऊटर सांगतो आणि संगणक ऐकतो. त्याने खरेच सांगितले की खोटे, ह्याची पडताळणी ह्या संभाषणात होत नाही. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

राऊटरने सांगितलेला आकडा लिनक्समध्ये शेवटी एका फाइलीत येऊन बसतो. तिचे नाव ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’, आणि ती ‘ईटीसी’ ह्या फोल्डरात असते. उघडून पाहिली तर तीत ‘नेमसर्व्हर’ असा शब्द आणि पुढे आकडा, अशा एक-दोन ओळी दिसतील. ही युनिक्सच्या काळापासूनची चाल आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला तेव्हा ही पद्धत आधीच रुळलेली होती, आणि लिनक्सने ती उचलली. फाइल साधी, मजकूर साधा, कोणालाही वाचता येण्याजोगा. साहजिकच ज्याला थोडेफार कळते तो ही फाइल उघडतो, जुना आकडा खोडतो, गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा आकडा लिहितो, आणि पाने उघडू लागलेली पाहून समाधान पावतो. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू करावे तर फाइलीत पुन्हा जुनाच आकडा!

ह्यावर चिडण्यापूर्वी सातबाराची आठवण करा. आपल्यापैकी पुष्कळांनी तो उतारा हाताळला आहे. उताऱ्यावर एक नाव खोडून आपण पेनाने दुसरे नाव घातले, तर जमिनीची मालकी बदलते काय? नाही. त्याला फेरफार नोंदवावा लागतो, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावा लागतो, आणि मग जो नवा उतारा निघतो त्यावर नवे नाव आपोआप येते. घरातल्या कागदावर कितीही खाडाखोड करा, पुढला उतारा दप्तराप्रमाणेच निघणार. ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही फाइल एके काळी दप्तर होती. आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रांवर ती केवळ उतारा आहे. बिघाडाच्या तपासात म्हणून पहिला प्रश्न ‘फाइलीत काय लिहिले आहे’ हा नसावा. ‘ती कोण लिहितो’ हा असावा.

आणि लिहिणारे एकच नाहीत, हे दुखण्याचे मूळ आहे. प्रारंभी डीएचसीपीशी बोलणारा छोटा प्रोग्रामच ती फाइल लिहीत असे. पुढे लॅपटॉप आले. माणूस घरी एका जाळ्यात, कचेरीत दुसऱ्या आणि स्थानकावर तिसऱ्या जाळ्यात वावरू लागला. तेव्हा २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने ‘नेटवर्कमॅनेजर’ हा प्रोग्राम काढला, आणि तोही ही फाइल लिहू लागला. डेबियन ह्या लिनक्स परिवारात ह्या सर्व लेखकांचे भांडण मिटविण्यासाठी ‘रिझॉल्व्हकॉन्फ’ नावाचा एक मध्यस्थ होता. गावातले भांडण मिटवायला गेलेला मनुष्यही पुष्कळदा भांडणातला एक पक्ष होऊन बसतो, तसे थोडे येथेही झाले. त्यानंतर ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हडी’ हा नवा कारभारी आला. २०१८ च्या उबुंटूत तो ठाण मांडून होता. २०२० मध्ये फेडोरानेही त्याला मुख्य जागा दिली. कचेरीच्या खाजगी जाळ्यात शिरण्यासाठी जे व्हीपीएन वापरतात, तेही आपली ओळ घालू पाहते. एका दप्तराला इतके कारकून असल्यावर नोंद कोणाची टिकेल? जो शेवटी लिहील त्याची.

ह्या नव्या कारभाऱ्याची रीत नीट समजून घेतली पाहिजे, कारण आज उबुंटू किंवा फेडोरा बसविलेल्या यंत्रावर गाठ त्याच्याशीच पडते. अशा यंत्रावर ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ उघडली तर तीत १२७.०.०.५३ असा आकडा आढळतो. तो पाहून नवखा मनुष्य दचकतो. राऊटरचा पत्ता तर १९२.१६८ ने सुरू होणारा, मग हा कोण उपटसुंभ? वास्तविक १२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे यंत्राने स्वतःलाच मारलेली हाक. कारभारी यंत्राच्या आतच बसलेला आहे. बाकीचे सारे प्रोग्राम त्याला विचारतात, आणि राऊटरने दिलेला खरा आकडा त्याच्या वहीत असतो. तेव्हा हा आकडा दिसणे हा बिघाड नव्हे. तो खोडून टाकणे हा मात्र नव्या बिघाडाचा आरंभ होय. कारभाऱ्याची वही पाहावयाची तर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ ही आज्ञा द्यावी. (आज्ञा टंकताना रोमन अक्षरेच लागतात, मी येथे उच्चार तेवढे सांगतो आहे.) ती दिली की वायफाय, तारेची जोडणी, व्हीपीएन अशा प्रत्येक वाटेला कोणता डीएनएस सर्व्हर लागू आहे ते वेगवेगळे दिसते.

दुसरी रीत अशी की ह्या व्यवस्थेत ‘ईटीसी’मधील ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही मुळात फाइलच नसते. तो दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखविणारा नुसता दुवा असतो, आणि ती दुसरी फाइल ‘रन’ ह्या फोल्डरात असते. ‘रन’चे वास्तव्य यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत असते, वीज बंद झाली की तेथले सारे पुसले जाते आणि पुढल्या वेळी नव्याने लिहिले जाते. आपण हाताने केलेला बदल सकाळी का नाहीसा झाला, ह्याचे उत्तर येथे आहे. आपण पाटीवर लिहीत होतो, आणि पाटी रोज रात्री पुसण्याचाच नियम आहे.

‘एलएस -एल’ ही आज्ञा त्या नावापुढे दिली, म्हणजे दुवा आहे की फाइल, आणि दुवा असल्यास कोठे बोट दाखवितो, हे एका ओळीत कळते. माझ्या मते तपासाची सुरुवात येथूनच करावी. निम्मे कोडे ह्या एका ओळीत सुटते. दुवा ‘सिस्टमडी’च्या फाइलीकडे जात असेल तर मालक तो. साधी फाइल असून तिच्या माथ्यावर ‘नेटवर्कमॅनेजरने तयार केली’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल, तर मालक नेटवर्कमॅनेजर. कारकून प्रामाणिक असतात; आपली सही करतात. आपण ती ओळ वाचत नाही, एवढेच.

तिसरी एक अवस्था आहे आणि ती सर्वांत फसवी. कोणी तरी सल्ला दिलेला असतो की हा नवा कारभारी त्रासदायक आहे, त्याला बंद करा. त्याप्रमाणे तो बंद केला जातो, पण दुवा तसाच राहतो. आता दुवा ज्या फाइलीकडे बोट दाखवितो ती फाइलच पुढल्या वेळी जन्माला येत नाही. प्रोग्रामांना यादी सापडत नाही. अशा वेळी ते रूढीप्रमाणे यंत्राच्या स्वतःच्या दारावर, १२७.०.०.१ वर, टकटक करतात आणि तेथे उघडावयास कोणीच नसते. उलट कोणी दुवा खोडून त्या जागी स्वतःची साधी फाइल ठेवतो. तेव्हा नेटवर्कमॅनेजर, जो दुवा पाहून इतके दिवस दुसऱ्याच्या हाती कारभार सोपवून स्वस्थ होता, त्याला वाटते की आता हे लिहिण्याचे काम आपले. आणि तो ती फाइल पुन्हा लिहून काढतो. म्हणजे एका कारकुनाला हुसकावून आपण दुसऱ्याला बोलावणे धाडले! ह्यावर आणखी एक रामबाण सांगतात, तो म्हणजे फाइलीला ‘अचल’ करून टाकणे, की कोणालाच ती बदलता येऊ नये. हा उपाय चालतो हे खरे. पण मी तो कोणालाही सुचवीत नाही. दप्तरखान्याला बाहेरून कुलूप ठोकून कारभार सुधारत नसतो. तीन महिन्यांनी त्या यंत्राचे जाळे बदलते, नवा पत्ता लिहिला जात नाही, आणि कुलूप कोणी ठोकले होते हे ठोकणाऱ्यालाही आठवत नाही.

आता प्रत्यक्ष तपासाकडे वळू. इंटरनेट बंद आहे असे वाटले की पहिली परीक्षा ही की आकड्याने जाता येते काय. ‘पिंग’ ही आज्ञा देऊन ८.८.८.८ ला हाक मारावी. उत्तर आले नाही, तर बिघाड डीएनएसच्या अलीकडचा असण्याचा संभव अधिक. तार, वायफाय, राऊटर, सेवा पुरविणारी कंपनी, जे असेल ते पाहावे. उत्तर आले, आणि नावाने हाक मारली असता मात्र ‘नाव सापडत नाही’ असे आले, तर रोग डीएनएसचा. मग राऊटरच्या डीएनएसला थेट विचारून पाहावे. ‘डिग’ ह्या आज्ञेने कोणत्या सर्व्हरला विचारावयाचे ते आपण स्वतः सांगू शकतो. राऊटरला विचारले तर गप्प, आणि १.१.१.१ ला विचारले तर उत्तर, असे झाल्यास लिनक्सचा काही दोष नाही. राऊटर बंद करून पुन्हा चालू करा. दोघेही उत्तर देतात आणि तरी ब्राउझर अडतो, तर मात्र आपल्या यंत्राच्या आतल्या दप्तरात घोळ आहे.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. ‘डिग’ फक्त डीएनएसला विचारतो. इतर प्रोग्राम मात्र आधी ‘एनएसस्विच.कॉन्फ’ नावाची आणखी एक फाइल पाहतात, आणि तीत नाव शोधण्याचा क्रम लिहिलेला असतो: आधी घरची ‘होस्ट्स’ यादी, मग कोठे कोठे शेजारपाजार, मग डीएनएस. कित्येक कचेऱ्यांनी आपल्या आतल्या यंत्रांना ‘.लोकल’ असा शेवट दिलेला असतो. २०१३ मध्ये तो शेवट एका वेगळ्याच कामासाठी, जवळच्या यंत्रांनी परस्परांना हाका मारण्यासाठी, अधिकृतपणे राखून ठेवण्यात आला. उबुंटूसारख्या प्रणालीत त्या शेवटाचे नाव डीएनएसपर्यंत पोचण्यापूर्वीच ‘असे नाव नाही’ म्हणून परत फिरू शकते. ‘डिग’ म्हणतो नाव आहे, प्रोग्राम म्हणतो नाही, आणि तपासणारा दोघांनाही वेडा ठरवतो. दोघेही खरे बोलत असतात. म्हणून प्रोग्रामांच्या वाटेनेच विचारणारी ‘गेटएन्ट होस्ट्स’ ही आज्ञाही देऊन पाहावी, आणि दोघांची साक्ष ताडून घ्यावी.

आणखी एक समज पुष्कळ जाणत्यांतही आढळतो. फाइलीत दोन-तीन सर्व्हर लिहिले, म्हणजे एकाला नाव ठाऊक नसले तर दुसरा सांगेल! असे होत नाही. पहिल्याने ‘असे नाव अस्तित्वात नाही’ असे उत्तर दिले की तेच अंतिम. दुसऱ्याला विचारले जाते ते पहिला मुळी बोललाच नाही तर, किंवा ‘मला जमत नाही’ म्हणाला तर. कचेरीचा सर्व्हर आणि गूगलचा सर्व्हर एकाखाली एक लिहून आतली व बाहेरची दोन्ही नावे चालतील अशी आशा करणाऱ्यांची यामुळे निराशा होते. पहिला बोलतच नसेल, तर जुन्या पद्धतीत प्रत्येक वेळी पाच सेकंद वाट पाहून मग दुसऱ्याकडे जातात. तेव्हा पान उघडते, पण दर वेळी मोजून पाच सेकंद थांबून उघडते, असे लक्षण दिसले की निदान जवळजवळ निश्चित: पहिला सर्व्हर मेलेला आहे आणि दुसरा त्याचा संसार ओढतो आहे. चौथी ओळ लिहिण्याचे तर कष्टच घेऊ नयेत. तीनच्या पुढे पाहिले जात नाही, आणि पाहिले नाही हे कोणी सांगतही नाही.

बरे, मालक सापडला. मग बदल करावयाचा तो मालकाच्या वहीत. घरच्या लिनक्सवर हा मालक बहुधा नेटवर्कमॅनेजर असतो, कारण सिस्टमडीच्या कारभाऱ्यालाही आकडे पुरवितो तोच. सेटिंग्जमध्ये आपल्या वायफायच्या नावापुढील खूण दाबली की आयपीव्ही४ नावाचा भाग येतो. त्यात डीएनएसपुढे ‘ऑटोमॅटिक’ असे बटण असते. ते बंद करावे, हवा तो आकडा लिहावा, आणि जोडणी एकदा तोडून पुन्हा जोडावी. बस. हाच तो फेरफार. आकडा लिहिला पण बटण चालूच ठेवले, तर आपला आकडा आणि राऊटरचा आकडा दोन्ही यादीत येतात, आणि मग कधी ह्याचे उत्तर, कधी त्याचे, असा खेळ सुरू होतो.

त्याच पडद्यावर शेजारी आयपीव्ही६ नावाचा भाग असतो आणि तिकडे कोणी फिरकत नाही. तेथेही तसेच बटण आहे. नव्या पद्धतीच्या ह्या पत्त्यांत राऊटरला डीएचसीपीच्या संभाषणाचीही गरज नसते. तो अधूनमधून जाळ्यात दवंडी पिटतो, आणि २०१० पासून त्या दवंडीतच डीएनएसचा पत्ता सांगण्याची सोय रूढ आहे. पुढचे दार लावले आणि परसदार उघडे राहिले, अशी गत होते. मुलांच्या संगणकावर नको ती ठिकाणे अडविणारा डीएनएस सर्व्हर पालकांनी मोठ्या विचाराने घातलेला असतो, आणि परसदाराने सारे काही सुखरूप येत असते. ‘रिझॉल्व्हसीटीएल’च्या यादीत अपूर्णविरामांनी तोडलेला लांबलचक पत्ता दिसला, की परसदार उघडे आहे असे समजावे.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आपोआप येणारा पत्ता बंदच करून सर्वांनी ८.८.८.८ लिहून ठेवावा. मला हे मान्य नाही. आपोआप येणाऱ्या पत्त्याला कारण असते. कचेरीच्या आतल्या यंत्रांची नावे कचेरीच्याच सर्व्हरला ठाऊक असतात. गूगलला ती ठाऊक नसतात आणि असूही नयेत. उपाहारगृहात किंवा विमानतळावर फुकट वायफाय घ्यावे तर आधी मोबाइलचा क्रमांक मागणारे एक पान उघडावे लागते. त्या पानाकडे नेण्याचे काम पुष्कळदा तिथलाच डीएनएस करतो. हाताने आकडा लिहून ठेवलेल्याला ते पान दिसतच नाही, आणि तो त्या वायफायला नावे ठेवीत बसतो. जे यंत्र एका जागी बसते, त्याला हाताने लिहिलेला पत्ता शोभतो. जे हिंडते त्याने जेथे जाईल तेथल्या रिवाजाप्रमाणे वागावे.

मात्र आपोआप येणाऱ्या पत्त्यावर डोळे मिटून विसंबू नये, ह्याला एक मोठा दाखला आहे. डीएनएसचेंजर नावाचा एक घातक प्रोग्राम काही वर्षे जगभर पसरत होता. तो शिरलेल्या यंत्रातील डीएनएस सर्व्हरचा आकडा गुपचूप बदली, आणि जेथे जमेल तेथे राऊटरचा मूळ परवलीचा शब्द वापरून राऊटरमधलाही आकडा बदली. नवा आकडा एस्टोनियातील एका टोळीच्या सर्व्हरचा असे. मनुष्य नाव बरोबर टंकी, पान भलतेच उघडे, आणि जाहिरातींचे पैसे टोळीला मिळत. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एस्टोनियाच्या पोलिसांच्या साह्याने ती टोळी पकडली. तोवर शंभरांवर देशांत सुमारे चाळीस लाख यंत्रे बाधित झाली होती. आता पेच असा पडला की ते खोटे सर्व्हर बंद केले, तर ह्या लाखो लोकांचे इंटरनेटच बंद पडणार, कारण त्यांच्या यंत्रांना दुसरा कोणता सर्व्हर ठाऊकच नव्हता! शेवटी न्यायालयाच्या अनुमतीने त्या जागी प्रामाणिक सर्व्हर बसविले गेले, आणि लोकांना यंत्रे नीट करण्यास अवधी देऊन ते ९ जुलै २०१२ रोजी बंद करण्यात आले.

तो प्रोग्राम लिनक्ससाठी लिहिलेला नव्हता. परंतु राऊटर बिघडविल्यावर त्याच्या मागचे लिनक्स यंत्रही डीएचसीपीने तोच खोटा आकडा निमूटपणे घेणार, हे उघड आहे. पडताळणी होत नाही असे मी म्हटले ते ह्यासाठी. आपल्या यादीत राऊटरचा वा कंपनीचा नसलेला असा अनोळखी आकडा दिसला, तर प्रथम राऊटरची पाने उघडून तेथे काय लिहिले आहे ते पाहावे. आणि राऊटरचा परवलीचा शब्द डब्याच्या तळाशी छापलेलाच अजून असेल तर, सभ्यहो, तो आज रात्रीच बदलावा.

दोन लहान गोष्टी राहिल्या. व्हीपीएन वापरणाऱ्यांना असा अनुभव येतो की ते चालू असताना सारे ठीक, आणि ते अचानक तुटले की घरचेही इंटरनेट जाते. तेथे व्हीपीएनने जाण्यापूर्वी आपली ओळ काढून नेलेली नसते. पाहुणा गेला, पण त्याचे नाव दारावर राहिले. बहुधा वायफायची जोडणी तोडून पुन्हा जोडली की दप्तर नव्याने लिहिले जाते.

दुसरी गोष्ट, पत्ता सुधारला, नवी उघडलेली खिडकी चालू लागली, पण सकाळपासून उघडा असलेला एखादा प्रोग्राम मात्र अजून अडूनच बसला आहे. लिनक्समधील नावे शोधणारे मूळ ग्रंथालय पूर्वी ही फाइल प्रोग्राम सुरू होताना एकदा वाची आणि तीच मनात धरून बसे. ऑगस्ट २०१७ च्या आवृत्तीपासून ते फाइल बदलल्याचे पाहून ती पुन्हा वाचते. तरी जुन्या यंत्रांवर, किंवा स्वतःची वेगळी सोय करणाऱ्या प्रोग्रामांबाबत, तो प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडणे हाच उपाय. फायरफॉक्ससारखे ब्राउझर तर यंत्राच्या डीएनएसला वळसा घालून, गुप्त वाटेने, थेट आपल्या पसंतीच्या सर्व्हरला विचारू शकतात. अमेरिकेत फायरफॉक्सने २०२० पासून तशीच सवय लावली. त्यामुळे ब्राउझर सुरळीत आणि बाकीचे सारे बंद, किंवा नेमके ह्याच्या उलट, असे चित्र दिसले तर यंत्राच्या दप्तरात बोट घालण्यापूर्वी ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ ह्या शब्दांपुढे काय लिहिले आहे, ते एकदा वाचून यावे.